दुसऱ्या नंबरचा घोडा

हौशी स्वारांच्या शो-जंपिंग स्पर्धेत वहिनीने दोन घोडे उतरवले, दोन्हींवर आळीपाळीने स्वतःच बसली आणि पहिला-दुसरा नंबर घरातच ठेवला. माझ्या बायकोच्या एकुलत्या घोड्याने अडथळ्यांच्या चार दांड्या पाडल्या. "दांड्या पाडायला घोडा कशाला? काठीनेही पडतात," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बक्षिसांच्या वेळी पंचांनी बजावलं, "दोन्ही घोड्यांवर स्वार हवेत. एकही रिकामा आला, तर दोन्ही बक्षिसं रद्द." वहिनीने आजूबाजूला पाहिलं. सकाळपासून तिने प्रत्येकाचा उद्धार केला होता, त्यामुळे प्रत्येकाला अचानक काम निघालं. उरली माझी बायको. "अगं, दुसऱ्या नंबरच्या घोड्यावर जरा बसतेस?" "बसते की, जाऊबाई. पण पहिल्या नंबरच्या." पंचांनी घड्याळ पाहिलं. बक्षिसानंतर मैदानाला मारायच्या विजयी फेरीत दुसऱ्याने पहिल्याला ओलांडायचं नसतं. बायको लोकांना हात हलवत रमतगमत निघाली. मागे दुसऱ्या नंबरच्या घोड्यावर वहिनी दात खाऊन लगाम खेचत राहिली.