एक वाजून दहा मिनिटांनी

कारकूनबाईंवर खापर फोडून त्यांना घरी बसवल्याला तीन दिवस झाले होते. “भलतीसलती ईमेल उघडतात, म्हणून व्हायरस येतो,” असं म्हणत साहेबांनी तो दोनदा पुसलाही होता. तरी आज एक वाजून दहा मिनिटांनी, बाईंची खुर्ची रिकामी असताना, तो पुन्हा उगवला. कॉम्प्युटर सांभाळणारी तंत्रज्ञ भडकलीच. तिने मशीनला नेमून दिलेल्या कामांची यादी उघडली. ‘अपडेट’ नावाखाली लपलेलं एक काम दर आठवड्याला त्याच वारी, त्याच ठोक्याला व्हायरस परत आणत होतं आणि ते शिरलं होतं साहेबांच्याच पेनड्राइव्हमधून. “सापडलं ना? उडव आणि विषय संपव,” साहेब पुटपुटले. “आपलं ठेवायचं झाकून!” तंत्रज्ञ उसळली. “ आधी बाईंना फोन लावा. स्पीकरवर.” साहेबांनी नाइलाजाने लावला. पहिल्याच रिंगला बाईंचा आवाज आला, “साहेब, आता काय चुकलं हो माझं?” “द्या उत्तर,” तंत्रज्ञ साहेबांना म्हणाली.