शेठना आवडलेलं संशोधन

विज्ञान प्रदर्शनासाठी अख्ख्या शाळेत फक्त मी पोस्टर कॉम्प्युटरवर केलं. क्लासच्या सरांच्या मागे लागून पॉवरपॉइंट शिकले! विषय होता, साड्या रंगवणाऱ्या डाइंग मिलचं पाणी आणि आमच्या वस्तीचा नाला. ते पाणी आमच्या हातपंपात उतरतं, आईचे हात सोलून निघालेत. फोटो, आकडे, आलेख, सगळं टाकलं. आणि नशीब बघा, प्रमुख पाहुणे त्याच मिलचे शेठ!

"योगिता, जरा हळू बोल गं," सुषमा मॅडम कानात कुजबुजल्या. मी कशाला हळू बोलू? आईच्या हातांसकट सगळं खणखणीत वाचून दाखवलं.

शेठ चष्मा चढवून पोस्टरसमोर उभेच. शेवटी गुजरातीत म्हणाले, "बहु सरस, दीकरी! आ कलर केवी रीते कर्यो?" हा रंग कसा केला म्हणे! म्हणजे मागचं, जांभळ्यातून गुलाबी होत जाणारं बॅकग्राउंड.

"कॉम्प्युटर पर, शेठ. पण ए पाणी..."

"एक कॉपी मिलमां आपजे. साडी पर मस्त लागशे!" एक कॉपी मिलमध्ये द्यायची म्हणे, साडीसाठी!

पहिलं बक्षीस मलाच मिळालं.



सध्या आमचा नाला जांभळा वाहतो, पुलापाशी पोचेपर्यंत छान गुलाबी होतो.