गटारावरचं भाषण

लॉर्ड अँब्रोझ फेअरली बोलायला उभा राहिला आणि समोरच्या बाकांवरून कोंबडा आरवला.

खरा कोंबडा पार्लमेंटात कुठून येणार? तो गळा सर बार्नबी क्रॅडॉक यांचा. हा गृहस्थ टोपी नाकावर ओढून तासन् तास बाकावर घोरायचा आणि विरोधी पक्षाचं कुणी उठलं की नेमका जागा होऊन आरवायचा. मग बाकीच्यांनाही चेव यायचा. कुणी बें बें करायचं, कुणी गाढवासारखं रेकायचं. सगळी खानदानी माणसं, पण यांच्यापेक्षा गुरांचा बाजार परवडला.

अँब्रोझ हा एका ड्यूकचा धाकटा मुलगा, म्हणून नावापुरता लॉर्ड; सभागृहात तो लोकांनी निवडून दिलेला. घरात बायकोशी, तबेल्यात घोड्याशी तो घडाघडा बोलायचा. चारचौघांत उभा राहिला की मात्र पहिलंच अक्षर दातांमागे अडून बसायचं, ते काही केल्या बाहेर येत नसे.

त्या सभागृहात दया म्हणून एकच होती. सभासदाच्या पहिल्या भाषणात कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, कितीही रटाळ असलं तरी शांतपणे ऐकायचं, अशी जुनी रीत. पण अँब्रोझने ती सवलत आठ-नऊ वर्षांपूर्वीच वापरून टाकली होती. आणि कशावर, तर डुकरांच्या गोठ्यातल्या गटारावर! निम्मे सभासद जेवायला गेले होते, उरलेले पेंगत होते. मोहर मोडून चणे घेतले म्हणायचे. त्यानंतर तो मत द्यायला तेवढा उठायचा, बोलायला कधीच नाही.

आज गप्प बसून चालणार नव्हतं. एका रेल्वे कंपनीला थॉर्नबेक गावाचं गायरान हवं होतं आणि त्यावर आजच मतदान होतं. गायरान गेलं की गावातल्या गरिबांच्या गाई गेल्या, बदकं गेली, सगळंच गेलं. त्या गावाने निवडून दिलेला माणूस एकच, तो म्हणजे अँब्रोझ. लिहून आणून वाचावं, तर तिथे भाषण वाचून दाखवायची बंदी.

"चार शब्द बोला, लॉर्डसाहेब," थॉर्नबेकहून निघताना पेगी लडलम म्हातारी म्हणाली होती. "अडखळत का होईना. माझी बदकं काही लंडनला जाऊन बोलायची नाहीत."

"स... स... सभापती महाराज," अँब्रोझने सुरुवात केली.

"कुकूच कू!"

"थ... थॉ..."

आता मेंढ्याही सामील झाल्या. अँब्रोझच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर बायकांच्या सज्जाला लोखंडी जाळी होती, तिच्यामागे त्याची बायको हॅरिएट बसली होती. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना. मेलं ते गायरान, खाली बसावं, असं त्याला वाटलं. गुडघे वाकलेही.

तेवढ्यात समोर सर बार्नबीने नाकावरची टोपी काढली आणि तो उठून उभा राहिला. आता हा कुठलं नवीन जनावर काढतो, असं अँब्रोझला वाटलं.

"नियमाचा मुद्दा आहे, सभापती महाराज," बार्नबी म्हणाला. "सभासदाचं पहिलं भाषण चाललंय आणि इथे मेंढ्या ओरडतायत. शोभतं का हे?"

सगळे खो खो हसले. "अरे, तूच तर आरवत होतास!" मागून कुणीतरी ओरडलं. "आणि पहिलं कसलं? पहिलं होऊन युग लोटलं."

"झालं असेल. मी तेव्हा झोपलो होतो," बार्नबी शांतपणे म्हणाला. "मी ऐकलं नाही ते भाषण झालं, असं मी धरत नाही. आणि माझी झोप या सभागृहात कुणाला ठाऊक नाही?"

सभापतींनी हसू दाबायला रुमाल तोंडाशी नेला. मग घसा साफ करून म्हणाले, "सन्माननीय लॉर्डनी आपलं पहिलं भाषण पुढे चालू करावं."

एकदम शांतता पसरली. रीत म्हणजे रीत, ती मोडायला त्या मंडळींची छाती होईना. अँब्रोझ अडला, थांबला, पुन्हा बोलला. पेगीची बदकं आली, गाई आल्या, म्हातारीचं बोलणंही जसंच्या तसं आलं. एका शब्दाला तर इतका वेळ लागला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. थोडक्या मतांनी का होईना, गायरान वाचलं. बार्नबीने मात्र आपलं मत रेल्वेलाच दिलं. पक्ष म्हणजे पक्ष.

बाहेरच्या ओसरीत अँब्रोझने त्याला गाठलं. हॅरिएटही खाली आली होती, डोळे पुसत हसत होती.

"उ... उपकार झाले, सर बार्नबी. तुम्ही त्या दिवशी झोपला होतात म्हणून आज मी तरलो."

"झोपलो होतो?" बार्नबी टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला. "लॉर्डसाहेब, गटाराला उतार दाराकडे द्यायचा, तळाला विटा उभ्या बसवायच्या, हे तुम्हीच सांगितलंत ना? त्याच आठवड्यात बांधून घेतलं. तेव्हापासून माझं एक डुक्कर दगावलं नाही."