उत्तरेश्वररावांची बातमी

भूमच्या उत्तरेश्वररावांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, पण इतकी वर्षं पक्षात काढूनही त्यांची एक बातमी कधी लागली नव्हती. शेवटी त्यांनी यूट्यूब चॅनलच्या पत्रकाराला चहाला बोलावून कारण विचारलं.

"भाऊ, पक्षात तुमचं कुणाशी वाकडं हाय?"

"कुणाशीच न्हाय."

"मग बातमी कशाची लावू? तुमच्या स्वभावाची?"

वाकडं घ्यायला गावात कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी बायकोलाच पक्षाची सदस्य करून घेतलं आणि कॅमेऱ्यापुढं आपल्याविरुद्ध चार शब्द बोलायची गळ घातली. "लिहून देऊ का?" असंही विचारलं.

"लिहून काय देता? समदं तोंडपाठ हाय माझं," म्हणत दीपमालाबाई सुरू झाल्या, त्या कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

'भूममध्ये पक्षात उभी फूट' ही बातमी आठवडाभर गाजली. मुंबईच्या एका अँकरनं तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला 'दोन गटांमधली सीमारेषा' म्हटलं. उत्तरेश्वररावांनी तिकिटासाठी कडक इस्त्रीचे कपडे काढून ठेवले.



नाराज गटाची समजूत काढायला पक्षानं तिकीट दीपमालाबाईंना दिलं, आणि उत्तरेश्वरराव निष्ठावंत निघाल्यामुळं त्यांना बाईंच्या सभेत सतरंज्या उचलायला ठेवलं.