मऊ जमीन

पोशेऱ्यात सपाट जागा एकच होती, तिथे म्हातारी माणसं नाचायची. शिकारीला येणाऱ्या साहेबांसाठी तिथेच बंगला उठला. तेव्हापासून नवशीआजीला घरात बसवेना. चुलीपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालत. मग वेठीचं बोलावणं आलं, बंगल्याची जमीन चोपायला. जव्हारच्या मुकादमाने लाकडी चोपणी पुढे केली. नवशीने ती बाजूला ठेवली. "पायांनीच चोपू, दादा. जमीन घट्ट झाली म्हणजे झालं ना?" तिच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या ढवळूने तारपा फुंकला आणि बारा म्हातारी माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून ओल्या मातीवर नाचू लागली. दुपारपर्यंत जमीन कातळ झाली. मुकादम तपासायला आला. "हा कोपरा अजून मऊ आहे," नवशी घाईने म्हणाली. त्याने टाच दाबली, मग तिच्याकडे पाहिलं. "मऊच आहे. उद्याही या." तीन दिवस जमीन मऊच राहिली. चौथ्या दिवशी साहेबांच्या खुर्च्या आल्या.