लाकडाची सवत

"अगं, लांब हो! बायकांनी होडीला हात लावायचा नसतो," सासूबाई ओरडल्या. मी चहाचा कप वाळूतच ठेवून मागे सरले.

नवऱ्याने मान वरसुद्धा केली नाही. खाडीपलीकडून कुणाची तरी टाकून दिलेली होडी आणल्यापासून त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. जुना रंग खरवडून झाला होता. आता गाणं गुणगुणत तो तिला तळहाताने माशाचं तेल चोळत होता. माझ्या टाचांच्या भेगा मात्र त्याला लग्नापासून दिसल्या नव्हत्या. खरीखुरी सवत परवडली, निदान तिच्याशी भांडता तरी येतं.

तेल मुरल्यावर होडी पाण्यात ढकलली, तर तळाच्या फटींतून पाणी आत आलं. मला बरं वाटलं.

"डांबरात भिजवून फटींत ठासायला जुनं सुती कापड हवंय," दारात येऊन तो म्हणाला.

मी पेटीतून माझी हळदीची साडी काढली आणि टराटरा फाडून चिंध्या त्याच्या हातात दिल्या.

संध्याकाळी होडी डौलात निघाली. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "लांब उभी राहा."

राहिले. आता माझ्यावाचून तरंगून दाखव म्हणावं त्या भवानीला!