निघणारा रंग

नखानं कोपरा उचकटला तसं रबर सुटायला लागलं. मोहना मोटरसायकलच्या डाव्या पॅनलसमोर उकिडवी बसली होती. आत लक्ष्मण जेवून आडवा झाला होता. त्याची झोप तासाभराची. तेवढ्यात तिला मंदाला उघडं पाडायचं होतं.

मंदा म्हणजे लक्ष्मणची पहिली बायको. चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. ती असताना लक्ष्मणनं ही गाडी घेतली आणि दांडिया बाजारातल्या नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून पॅनलवर पिवळ्या ऑइलपेंटनं तिचं नाव लिहून घेतलं. मोहना लग्न होऊन रावपुऱ्यातल्या या घरात आली, तोवर पॅनल उन्हानं पांढरं पडलं होतं. नाव मात्र ठसठशीत होतं. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. हिच्याशी काय करणार? गाडीवर मागे बसलं की मोहनाची पावलं बरोबर त्या नावाशी यायची. साडी सावरायच्या निमित्तानं ती ते झाकून घ्यायची. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला नाव वाचायचा, मग तिच्याकडे बघायचा. त्याला वाटायचं, हीच मंदा.

लक्ष्मण मंदाबद्दल चकार शब्द काढत नसे. पण रोज सकाळी कोयलीला रिफायनरीत कामावर निघण्याआधी गुडघे टेकून ते पॅनल ओल्या फडक्यानं पुसायचा. मोहना दारातून बघायची आणि तिचा चहा तिथेच कडू व्हायचा. जे बोलत नाहीत तेच विसरत नाहीत, असं तिचं पक्कं मत होतं. गेल्या दसऱ्याला तर कहर झाला. ती गाडीची पूजा करत होती. "पॅनललाही कुंकू लाव ना," लक्ष्मण म्हणाला. तिनं लावलं. नेमकं 'मं'च्या टिंबावर लागलं. दिवसभर तिला ते बोट आपलं वाटेना.

यंदा घट बसायच्या आधीच तिनं विषय काढला. "अहो, गाडी किती भिकार दिसते. रंगवून घ्या की." नावाचं ती काही बोलली नाही. लक्ष्मणनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. रविवारी तो स्प्रेचे डबे घेऊन आला. पॅनलं, मडगार्ड, सगळं सुटं करून गच्चीवर नेलं आणि गच्चीचं दार लावून घेतलं, धूळ बसू नये म्हणून. संध्याकाळी गाडी काळीभोर होऊन उभी राहिली. नाव नाहीसं झालं होतं. मोहनानं त्या रात्री श्रीखंड केलं, आणि पुढचे आठ दिवस ती गरब्याची गाणी गुणगुणत घरात फिरली.

आज सकाळी उन्मेष भेटला. शेजारीच राहतो, गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे.

"वहिनी, गाडी एकदम सरस झाली हां! भाऊंना स्प्रे मीच दिला."

"टिकेल ना रंग?"

"रंग नाहीच तो, रबर आहे. कंटाळा आला की सोलून टाकायचं. आधी घासायचीसुद्धा गरज नाही. खाली जेवुं हतुं तेवुं!"

खाली जेवुं हतुं तेवुं. खाली होतं तसंच! मोहनाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे यांनी तिला पुसलं नाही, पांघरूण घालून निजवलं. बाजारात शंभर रंग असताना हा माणूस निघणारा रंग घेऊन आला. का, ते कळायला काय शास्त्र लागतं? उद्या दसरा. पूजेआधी नाव उघडं करायचं आणि त्याला समोर बसवून विचारायचं, ती की मी?

रबर जाड होतं. चांगले पाच-सहा हात मारलेले. ते अखंड सालीसारखं तिच्या हातात आलं.

खाली काहीच नव्हतं.

नुसतं घासलेलं, खरबरीत, करडं प्लास्टिक. तिनं बोट फिरवलं. पिवळा कणसुद्धा लागला नाही. 'मं'चं टिंबही गेलं होतं.

"हे काय गं?" लक्ष्मण दारात उभा होता.

"नाव कुठंय?"

"घासून काढलं. पॉलिश पेपरनं. अख्खी सकाळ गेली त्यात."

मोहनाला एकदम भरून आलं. किती उगाच जळलो आपण! "माझ्यासाठी घासलंत?" तिनं विचारलं. "उन्मेष तर म्हणाला, घासायची गरज नसते."

"एरवी नसते. पण ती अक्षरं जाड होती. रबराखालून उठून दिसली असती. सगळं फिनिशिंग बिघडलं असतं."

त्यानं फडकं घेतलं आणि गुडघे टेकून पॅनल पुसायला लागला. रोजच्यासारखंच. मग त्याच फडक्यानं, तितक्याच मायेनं, त्यानं मडगार्ड पुसलं, आरसा पुसला, सायलेन्सरही पुसला. मोहना हातातली साल धरून बघत राहिली. रोज सकाळी हा माणूस धूळ पुसत होता. एवढंच. दोन वर्षं जिचा तिनं हेवा केला, तिच्यापाशी हेवा करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. बिचारी, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

"असं का बघतेस? परत मारू की रंग," लक्ष्मण हसून म्हणाला. "आणि यंदा इथं तुझं नाव घालू या. पण ऑइलपेंट नको हं, रबरातच घालतो. पुढं काढताना फार त्रास होतो."